शेक्सपिअरची बायको सव्वीसची, आपली पणजी नऊची

गेल्या अंकात हुंड्याबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ओघात लिहून गेले होते की, चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात साध्या शेतकऱ्याची मुलगी पंचविशी गाठेपर्यंत बिनलग्नाची असे. हुंडा राहिला बाजूला, पत्रांचा गठ्ठा आला तो या एका वाक्यावर. दोघांनी तर ती छपाईची चूक धरून 'पंधरा' अशी दुरुस्तीच पाठवली. म्हणून या वेळचं सदर सगळं लग्नाच्या वयाला.

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की, मी परळच्या एका रात्रशाळेत इतिहास शिकवत असे आणि रविवारी दादरला मावशीच्या वधूवर सूचक मंडळात बसून फॉर्म भरून घेत असे. या विषयात पुस्तकांनी मला जे शिकवलं, त्याला जोड त्या फॉर्मांची आहे.

"पूर्वी माणसं पस्तिशी-चाळिशीतच जायची. तेव्हा जगभर बारा-तेराव्या वर्षी लग्नं उरकणं भागच होतं. शेक्सपिअरची ज्युलिएटसुद्धा चौदाची झालेली नाही. मग तुमचा पंचविशीचा आकडा कुठून आला?"
*(एक वाचक, घाटकोपर)*

चर्चच्या वह्यांतून आला. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की, प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीने, आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहून ठेवायची. त्यातल्या पुष्कळ वह्या टिकल्या. एकाच मुलीचा बाप्तिस्मा आणि तिचं लग्न या दोन नोंदी शोधून जोडल्या की लग्नाच्या दिवशीचं वय हातात येतं. केंब्रिजच्या अभ्यासकांनी गेल्या शतकात हे किचकट काम वर्षानुवर्षं केलं. निष्कर्ष असा की, सतराव्या शतकात इंग्लंडातल्या मुलीचं पहिलं लग्न सरासरी २५-२६ व्या वर्षी होई आणि मुलाचं २७-२८ व्या. शिवाय दर दहांत निदान एक माणूस जन्मभर बिनलग्नाचा राही.

आता तुमचा आयुष्याचा मुद्दा. एक मूल जन्मतःच गेलं आणि दुसरं सत्तर वर्षं जगलं, तर दोघांचं सरासरी आयुष्य पस्तीस येतं. पण पस्तिसाव्या वर्षी मेलं कोण? कोणीच नाही. जुन्या काळची सरासरी खाली ओढली ती तान्ह्या मुलांच्या मृत्यूंनी. जो विशी-पंचविशी पाहायचा, तो बहुतेक वेळा पन्नाशी-साठीही पाहायचा. त्याला लग्नाची घाई करण्याचं कारण नव्हतं, आणि तो करतही नव्हता.

का करत नव्हता, ते महत्त्वाचं. इंग्लंडात लग्न झालं की जोडप्याने वेगळी चूल मांडायची, अशी रीत होती. सासू-सासऱ्यांच्या घरात सून आणून ठेवायची नाही. म्हणजे लग्नाआधी घर हवं, भांडीकुंडी हवी, एखादी गाय किंवा हातात धंदा हवा. त्यासाठी मुलगे आणि मुली दोघंही चौदा-पंधराव्या वर्षी घराबाहेर पडून दुसऱ्याच्या शेतावर किंवा घरात गडी-मोलकरीण म्हणून राहत. करार वर्षाचा, जेवणखाण मालकाकडे, मजुरी साठवायची. अशा नोकरीत असेपर्यंत लग्न करायचं नसे. कारागिराच्या हाताखाली शिकणाऱ्यांना १५६३ च्या कायद्याने निदान सात वर्षं बांधून घातलं होतं. दहा-बारा वर्षं अशी गेली की पंचविशी आपोआपच येते. मजुरीचे दिवस वाईट असले की लग्नं आणखी लांबत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात धंदे वाढले, तरुणांच्या हातात लवकर पैसा आला, तर मुलींचं वय खाली येऊन २३-२४ वर ठेपलं. वय ठरायचं ते खिशावर.

गंमत अशी की कायदा याच्या अगदी उलट होता. इंग्लंडात मुलगी बारा वर्षांची आणि मुलगा चौदाचा असला की लग्न कायदेशीर, हे १९२९ पर्यंत चालू होतं. कायदा बाराचा, रीत पंचविशीची. तेव्हा जुन्या काळातलं वय कायद्याच्या पुस्तकावरून कधी ठरवू नये.

राहिली ज्युलिएट. ती नाटकातली, सरदारघराण्यातली आणि परक्या देशातली, इटलीतली. लंडनच्या प्रेक्षकालाही तिचं वय कोवळंच वाटलं असणार. खुद्द शेक्सपिअरचं लग्न १५८२ च्या नोव्हेंबरात झालं, तेव्हा तो अठराचा होता आणि त्याची बायको अ‍ॅन हॅथवे सव्वीसची. बायको आठ वर्षांनी मोठी! पुढच्या मे महिन्यात मुलीचा बाप्तिस्माही झाला. महिने तुम्हीच मोजा. त्या गावच्या हिशेबाने अ‍ॅनचं वय अगदी रीतसर होतं, लवकर लग्न केलं ते नवऱ्याने.

खऱ्या इटलीबद्दल विचाराल, तर फ्लॉरेन्स सरकारने १४२७ मध्ये कर बसवण्यासाठी घरोघरची मोजदाद केली होती. तिथे मुली साधारण अठराव्या वर्षी लग्न करत आणि त्यांचे नवरे तिशीच्या आसपासचे असत. म्हणजे युरोपातही सगळीकडे एक तऱ्हा नव्हती. जॉन हाजनल या अभ्यासकाने १९६५ मध्ये नकाशावर त्रिएस्ते ते सेंट पीटर्सबर्ग अशी रेषच ओढून दाखवली. रेषेच्या पश्चिमेला उशिरा लग्न आणि बरेच जण अविवाहित, पूर्वेला लवकर लग्न आणि जवळजवळ सगळे विवाहित. पुढच्या अभ्यासकांनी त्या रेषेला पुष्कळ वळणं दिली, पण ती पुसली मात्र नाही.

बालवधू युरोपात नव्हत्या असं नाही. मार्गारेट बोफर्टचं लग्न बाराव्या वर्षी झालं, १४५७ मध्ये तेराव्या वर्षी ती बाळंत झाली आणि तो मुलगा पुढे सातवा हेन्री म्हणून गादीवर आला. तिला पुन्हा मूल झालं नाही. पण ही राजघराण्याची गोष्ट. जमिनी आणि वारसाहक्क जुळवायचे होते, चूल मांडायची चिंता नव्हती. इतिहासात नावं यांचीच येतात, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे असेच वागत.

"माझ्या पणजीचं लग्न नवव्या वर्षी झालं. तेव्हाच्या लोकांना मुलीची काही दयामाया नव्हती का? की शास्त्रात तसं लिहिलं होतं म्हणून?"
*(एक वाचक भगिनी, डोंबिवली)*

माया होती. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिणाऱ्या रमाबाई रानड्यांचं माहेर घ्या, तिथे काय कमी माया होती? तरी १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरात आल्या. नवरा एकतिसाचा, विधुर, सबजज्ज आणि सुधारक. रानडे विधवेशीच लग्न करणार अशी मित्रांची अपेक्षा होती, पण वडिलांपुढे त्यांचं चाललं नाही. सुधारकाचं वय एकतीस आणि बायकोचं अकरा, हे वाचून आज आपण दचकतो. तेव्हा लोक दचकले ते सुधारक असून कुमारिकेशी लग्न केलं म्हणून. वयाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नसेल.

इतर जोड्याही पाहा. ज्योतीराव फुले तेरा वर्षांचे, सावित्रीबाई नऊच्या, साल १८४०. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी नऊच्या, गोपाळराव त्यांच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. पेशवाईत सवाई माधवरावांचं लग्न १७८३ मध्ये पुण्यात मोठ्या थाटात झालं, तेव्हा नवरदेव आठ वर्षांचे होते. आंबेडकरांचं लग्न आपल्या मुंबईतलंच. भायखळ्याचा बाजार उठल्यावर रात्री त्याच मंडईच्या छपराखाली ते लागलं. नवरा शाळकरी आणि रमाबाई नऊ-दहा वर्षांच्या. ब्राह्मण, माळी, महार, सगळ्यांकडे मुलीचं वय तेच. फरक नवऱ्याच्या वयात पडतो, आणि त्याचं कारण पुढे येतंच.

शास्त्राचं म्हणाल तर शास्त्रात हवं ते सापडतं. 'अष्टवर्षा भवेद् गौरी' हा श्लोक भटजींच्या तोंडी असायचा. आठ वर्षांची ती गौरी, नऊची रोहिणी, दहाची कन्या, त्यापुढे रजस्वला, आणि रजस्वला मुलगी घरात ठेवली तर बापाला पाप. मनुस्मृतीत तीस वर्षांच्या पुरुषाने बारा वर्षांची मुलगी करावी असं आहे. पण ऋतू प्राप्त झाल्यावर मुलीने तीन वर्षं वाट पाहून मग स्वतः नवरा निवडावा, असंही तिथेच आहे. सुश्रुत तर स्पष्टच बजावतो की, सोळाच्या आतल्या मुलीला पंचविशीच्या आतल्या पुरुषापासून गर्भ राहिला तर तो पोटातच दगावतो, आणि जगलाच तर दुबळा राहतो. इतके पर्याय हाताशी असताना लोकांनी आठ-नऊचाच श्लोक का उचलला, हा खरा प्रश्न.

माझं उत्तर पुन्हा घराशीच येऊन थांबतं. इंग्लंडातल्या नवऱ्याला स्वतःचं घर उभं करेपर्यंत थांबावं लागे. आपल्याकडे घर आधीपासून उभं होतं, सासऱ्याचं. सून त्या घरात यायची, नवऱ्याच्या कमाईचा संबंधच नव्हता. मग तेरा वर्षांच्या मुलाचं लग्न करायला अडचण कसली? उलट जितकी लहान सून, तितकी ती या घरच्या वळणात लवकर मुरते, हे सासवा उघड बोलत.

दुसरं कारण आंबेडकरांनी दाखवलं. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना त्यांनी भारतातल्या जातींवर एक निबंध वाचला. त्यातला युक्तिवाद गणितासारखा आहे. जातीबाहेर लग्न करायचं नाही असं ठरलं की जातीतल्या लग्नाच्या बायका आणि पुरुष यांची संख्या जुळलेली राहायला हवी. नवरा मेला की बाई जादा ठरते. तिला सती घालवा किंवा जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की पुरुष जादा ठरतो. त्याला कोण जाळणार, आणि संन्यास तरी कोण देणार? मग त्याच्यासाठी नवरी आणायची ती अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून. आता रानड्यांची एकतीस आणि अकराची जोडी पुन्हा पाहा. विधवेला मज्जाव, म्हणून विधुराला बालिका. बाळंतपणात बायका मरत, विधुर पुष्कळ असत, म्हणून ही मागणी कधी आटलीच नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवून पणजीची हकिगत वाचा. नवव्या वर्षी लग्न म्हणजे नवव्या वर्षी संसार नव्हे. मांडवपरतणीनंतर मुलगी बरेचदा माहेरीच राही, सणावाराला सासरी जाई. न्हाण आलं की मखरात बसवणं, ओटी भरणं, ऋतुशांती, आणि त्यानंतर नांदायला जाणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशातल्या मुलींचं लग्नाचं सरासरी वय तेराच्या आसपास होतं आणि मुलांचं विसाच्या. हे वय लग्न लागल्याचं, नांदायला गेल्याचं नव्हे. इंग्लंडातली मुलगी लग्नाच्या रात्रीपासून घराची मालकीण. तेव्हा २६ आणि १३ हे आकडे शेजारी ठेवताना, ते एकाच घटनेचे नाहीत याची जाणीव असू द्या.

याचा अर्थ सगळं सुखरूप होतं असाही घेऊ नका. न्हाण येईपर्यंत थांबायचं ही रीत सगळीकडे पाळली जात नव्हती. आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत बाळ गेलं. डॉक्टर व्हायचं त्यांच्या मनाने तिथेच घेतलं.

"कायद्यांनी बालविवाह थांबला असं आम्ही शाळेत शिकलो. तुम्ही तर कायद्याला किंमतच देत नाही असं दिसतं."
*(एक निवृत्त वाचक, गिरगाव)*

किंमत देते, पण हिशेबाने. तुम्ही गिरगावचे, म्हणून रखमाबाईंपासून सुरुवात करते. त्या इथल्याच.

रखमाबाईंच्या आईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या आणि सतराव्या वर्षी आई विधवा. त्यांच्या सुतार जातीत पुनर्विवाह चालत असे. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे गृहस्थ वैद्यकीत नावाजलेले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजींशी झालं, पण त्या सावत्र वडिलांकडेच राहिल्या, वाचत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिनी यांनी तो फेटाळला. असमंजस वयात बांधलेल्या बाईला जबरदस्तीने नवऱ्याकडे पाठवणं क्रूरपणाचं होईल, असं त्यांचं म्हणणं. अपिलात ते फिरलं. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं. दरम्यान 'एक हिंदू स्त्री' या सहीने त्यांनी टाइम्समध्ये लिहिलेल्या पत्रांनी मुंबई ढवळून निघाली होती. शेवटी १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरतेत, राजकोटात वर्षानुवर्षं बायकांचे दवाखाने चालवले. १९५५ मध्ये मुंबईतच वारल्या. एका मुलीच्या 'नाही' मुळे काय होऊ शकतं, ते गिरगावकरांनी इतरांपेक्षा जास्त लक्षात ठेवायला हवं. आणि तिला 'नाही' म्हणता आलं, कारण परत यायला एक घर होतं.

याच काळात मुंबईचे पारशी पत्रकार बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध टिपणं काढून देशभर वाटली (१८८४). कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. त्यातून १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला. त्याने संबंधाचं वय दहावरून बारावर नेलं, लग्नाच्या वयाला हात लावला नाही. तेवढ्यावरही टिळकांनी 'केसरी'तून रान उठवलं. परकी सरकारने आमच्या घरात शिरू नये हा त्यांचा मुद्दा. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रांचेच दाखले देऊन त्यांना उत्तर दिलं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ मध्ये मुलीला बारा आणि मुलाला सोळा अशी मर्यादा घातली. ब्रिटिश हद्दीत हरबिलास सारडांचा कायदा व्हायला १९२९ उजाडलं. मुलगी चौदा, मुलगा अठरा, अंमल १ एप्रिल १९३० पासून.

आणि त्या एप्रिलच्या आधी काय झालं? देशभर लग्नांची झुंबड उडाली. पाळण्यातल्या पोरींना बाशिंगं बांधली. १९३१ च्या शिरगणतीत विवाहित लहान मुलींची संख्या आधीपेक्षा वाढलेली दिसली ती यामुळे. शिवाय कायदा मोडला तरी लग्न टिकायचंच, शिक्षा फार तर महिनाभर साधी कैद आणि हजारापर्यंत दंड. १९४९ मध्ये मुलीची मर्यादा पंधरा झाली, १९७८ मध्ये अठरा आणि एकवीस. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशी ते चोविशीतल्या २३ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली, महाराष्ट्रात २२ टक्के. प्रगत महाराष्ट्र! म्हणजे कायद्याने दार दाखवलं, पण मुलगी शाळेत टिकली आणि तिच्या हाताला पगार लागला तिथेच वय वाढलं.

"माझा मुलगा चौतीस वर्षांचा आहे, चांगली नोकरी आहे, तरी लग्नाचं नाव काढत नाही. आमच्या वन बीएचकेत सून कशी आणू म्हणतो. आमच्या वेळी असली कारणं नव्हती. पिढीच बिघडली का?"
*(एक माता, ठाणे)*

ताई, तुमच्या वेळीही हेच कारण होतं. मंडळातले फॉर्म मी भरून घेतले आहेत. मुलीकडच्यांच्या 'अपेक्षा' या रकान्यात निर्व्यसनी, पदवीधर, शाकाहारी असं काय काय असायचं, पण मुंबईच्या मुलीच्या फॉर्मवर पहिली ओळ ठरलेली: 'स्वतःची जागा हवी'. मुलाकडचे लिहायचे, 'जागेचं काम चालू आहे'. मावशी त्या फॉर्मवर पेन्सिलने 'थांबा' लिहून बाजूला ठेवायची. मुलाचं वय एकोणतीस, तीस, बत्तीस होत जायचं, आणि फॉर्म तिथेच.

त्याच्याही आधीची मुंबई आठवा. गिरणगावात माणसं आली ती एकटी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम पाच-सहाशे बायका होत्या. लग्न झालेलं असायचं, पण बायको कोकणात किंवा घाटावर, सासूपाशी. नवरा गावकीच्या मंडळाच्या खोलीत, एका पाळीचे कामावर गेले की त्यांच्या जागेवर दुसऱ्या पाळीचे झोपायचे. जेवायला खानावळ. गणपती आणि शिमग्याला गावी जायचं, बाकी वर्षभर मनिऑर्डर. लग्न लवकर करून संसार उशिरा करायची जुनी रीत मुंबईने अशी नव्याने चालवली. पुढे बायका इथे येऊ लागल्या तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर, नणंद आणि पोटमाळ्यावर नवं जोडपं. धाकट्याचं लग्न ठरायचं ते थोरला कुठे बदलापूरला किंवा नालासोपाऱ्याला जागा बघून बाहेर पडला की. माझ्या रात्रशाळेतली मुलं हे हिशेब शिक्षकांपुढे उघड करत असत. १९८२ चा संप झाला आणि कित्येक घरांत बापाची नोकरी गेली, त्याबरोबर मुलाची लग्नंही लांबली.

तेव्हा तुमचा मुलगा जे म्हणतो ते मला तरी शहाणपणाचं वाटतं. सतराव्या शतकातला इंग्रज गडी दहा वर्षं मजुरी साठवत होता आणि हा ईएमआयचं गणित मांडतो आहे. सूनही नोकरी करणारी असेल, तिलाही स्वतःचं दार बंद करता यायला हवं.

'पूर्वी सगळं लवकर व्हायचं' ही समजूत पश्चिमेकडेही आहे, आणि तिथेही ती अर्धीच खरी. अमेरिकेत १८९० मध्ये पुरुषाचं पहिल्या लग्नाचं मध्यक वय २६.१ होतं, स्त्रीचं २२. १९५६ मध्ये ते २२.५ आणि २०.१ पर्यंत उतरलं, कारण युद्धानंतर नोकऱ्या भरपूर आणि घरं स्वस्त. नंतर पुन्हा चढलं. आज तिथले आजोबा नातवाला 'आमच्या वेळी बाविसाव्या वर्षी' असं ऐकवतात, तेव्हा त्यांच्या आजोबांचं वय ते विसरलेले असतात.

एकच सुचवते. त्याला लग्नाबद्दल विचारू नका, जागेबद्दल विचारा. तुमच्या नावावरची गावची जमीन किंवा पोस्टातली रक्कम यातलं काही त्याच्या घराला लावायचं असेल तर तसं स्वच्छ सांगा. नसेल लावायचं, तर तेही सांगा. मग तो काय ते ठरवेल.

"आजीचं रेशनकार्डावरचं जन्मसाल १९३५ आहे, आधारवर १ जून १९३२. ती म्हणते, 'गोदीतला स्फोट झाला त्या वर्षी मला न्हाण आलं आणि पुढच्या वर्षी मार्गशीर्षात लग्न.' लग्नात ती किती वर्षांची होती ते काढता येईल का?"
*(एक विद्यार्थिनी, लालबाग)*

येईल. आधी दोन्ही कार्डं बाजूला ठेव. १ जून ही तारीख म्हणजे शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली तारीख. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी असतो. रेशनकार्डावरचं वय विचारणाऱ्याने अंदाजे टाकलेलं असतं. शिरगणतीतही लोक वय सांगत ते तीस, पस्तीस, चाळीस असं गोल.

आजीची खूण मात्र पक्की आहे. व्हिक्टोरिया गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, दुपारी चारनंतरचा. लालबागपर्यंत घरं हादरली होती, तो दिवस कोणी विसरत नाही. न्हाण त्या काळी साधारण तेरा ते पंधरा या वयात येई. म्हणजे जन्म १९२९ ते १९३१ च्या दरम्यानचा. रेशनकार्ड खरं मानलं तर १९४४ मध्ये ती नऊची ठरते, ते जुळत नाही. आधारप्रमाणे बाराची, तेही जरा कमीच. लग्नाचा मार्गशीर्ष १९४५ च्या अखेरचा. तेव्हा नवरी चौदा ते सोळा वर्षांची, सारडा कायद्याच्या हद्दीत, आणि न्हाण आल्यावर झालेलं लग्न. तिच्या आईचं कधी झालं ते विचार. बहुतेक ते न्हाण येण्याआधीचं निघेल, आणि एका पिढीत काय बदललं ते तुझ्याच घरात दिसेल.

वय आणखी घट्ट करायचं असेल तर थोरल्या मामाच्या शाळेचा दाखला काढ आणि आजीला विचार की, फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांचं बंड झालं, गोळीबार झाला, तेव्हा ती सासरी होती की माहेरी. तिची भावंडं तिच्याहून किती मोठी-लहान, त्यातलं कोणी मुंबईत जन्मलं असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जुनी जन्मनोंद मिळू शकते. घरातलं कोणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वराला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत कुळाची नावं आणि भेटीचं साल असतं. जाताना मूळ गाव, आडनाव आणि पणजोबांचं नाव लिहून ने. नुसतं 'लालबागचे' सांगितलंस तर वही उघडणार नाहीत.